मोहावीतल्या रानमेंढ्यांची डोण

माण तालुक्यात वाढले, त्यामुळे टँकरची वाट बघणं मला नवीन नाही. पण कॅलिफोर्नियात येऊन रानमेंढ्यांसाठी पाण्याची टाकी बसवायला जाईन, असं कधी वाटलं नव्हतं.

मोहावी वाळवंटातल्या उघड्याबोडक्या डोंगरांवर बिगहॉर्न मेंढ्या राहतात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पूर्वी एका डोंगरातला झरा आटला की कळप मैदान ओलांडून दुसरा डोंगर गाठायचा. आता मध्ये १५ आणि ४० क्रमांकाचे महामार्ग आहेत, रेल्वे आहे. रानात माणसाने पाणी ठेवूच नये, असं म्हणणारेही इथे आहेत. मला ते पटत नाही. वाट आपण अडवली, तर पाणीही आपणच द्यायला हवं.

या कामाला स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवणं सोपं होतं. एक अर्ज, जोखमीच्या कागदावर सही, आणि माझी गाडी त्या रस्त्याला चालणारी नव्हती म्हणून दुसऱ्यांच्या गाडीत जागा. शुक्रवारी रात्री तंबूत झोपलो आणि उजाडताच चढायला लागलो. पुढे गाडी न्यायला मनाई असल्याने पाइप, हत्यारं, सिमेंट, सगळं पाठीवर. शिवाय प्रत्येकाचं प्यायचं पाणी, म्हणजे लिटरमागे एक किलो.

व्यवस्था अशी: उतारावर पाऊस झेलणारा पृष्ठभाग, तिथून पाइप टाकीत आणि टाकीतून खाली डोणीत. शंभर चौरस मीटरवर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर हिशोबाने २,५०० लिटर पाणी मिळतं. वाळवंटात असे पाऊस मोजकेच, म्हणून थेंबही गळून चालत नाही.

आणि माझाच सांधा गळला. दुपारी पाणी सोडलं, तर पाइपाच्या जोडाखाली वाळू काळी पडायला लागली. मी घाईत पाइपाचं टोक नीट पुसलंच नव्हतं. आमच्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या आजोबांनी तो तुकडा कापून काढला आणि नवा माझ्याच हातात दिला. पुसायचं, प्रायमर लावायचा, सोल्युशन लावायचं, पाइप आत दाबत पाव वळसा द्यायचा आणि तसाच धरून ठेवायचा. मी मनात तीसपर्यंत आकडे मोजले.

संध्याकाळी डोणीत उतरणाऱ्या काँक्रीटच्या उताराचं काम होतं. तो ओला असतानाच खराट्याने आडव्या रेघा मारायच्या, म्हणजे खूर घसरत नाहीत. हे काम किरकोळ वाटेल, पण १९९५ साली याच मोहावीत, ओल्ड डॅड पीक भागात, एका पाणवठ्याच्या टाकीत कोकरं पडून बुडाली. ती सडून पाण्यात बोट्युलिझमचं विष तयार झालं आणि ते पाणी पिऊन चाळीसहून अधिक मेंढ्या दगावल्या. त्यांच्यासाठी ठेवलेलं पाणी! हे ऐकल्यावर मी त्या रेघा गुडघ्यांवर बसून, अंधार पडेपर्यंत मारल्या.

सहा महिन्यांनी परत गेलो. मेंढी एकही दिसली नाही. माझा सांधा कोरडा होता. उताराच्या रेघांमध्ये वाळलेल्या चिखलाचे दोन-दोन फाकांचे ठसे होते, मोठे आणि त्यांच्या शेजारी अगदी छोटे. छोटे ठसे पाण्यापर्यंत गेले होते आणि परत वरही आले होते. टाकीचं झाकण काढून मी काठी आत सोडली. माझ्या कमरेपर्यंत ओली झाली.