फेब्रुवारीचा दुसरा रविवार: चर्चचा हॉल, मोठा पडदा आणि सूपचं पातेलं

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळात संध्याकाळी साडेसहाला सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा वर्षाचा अंतिम सामना, सुरू होतो. मुंबईत तेव्हा सोमवारची पहाट असते, पाच वाजलेले असतात, म्हणून आपल्याकडे या सामन्याची पोचते ती फक्त बातमी. इथं अमेरिकेत त्या संध्याकाळी रस्ते ओस पडतात. विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला आपल्याकडे पडतात, तसेच. आणि वार रविवार, म्हणजे उपासनेचा. त्यामुळे गावोगावच्या पाळकांपुढे दरवर्षी तोच प्रश्न उभा राहतो: संध्याकाळची उपासना ठेवायची, रद्द करायची, की हॉलमध्ये पडदा लावून सगळ्यांना जेवायला बोलवायचं?

माझं मत आहे, हॉल उघडावा. सामना वेदीसमोर नेऊ नये. जिथे प्रभुभोजन होतं तिथे त्या दिवशीही प्रभुभोजनच व्हावं. पण शेजारचा हॉल उघडावा, कारण त्या संध्याकाळी ज्याला कुणाच्या घरचं आमंत्रण नाही तो माणूस फार एकटा पडतो. पत्नी गेलेले आजोबा, नव्यानं आलेलं निर्वासित कुटुंब, पुण्या-नगरहून शिकायला आलेली मुलं. त्यांना चार डाउनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, दहा यार्ड पुढे सरकायचं असतं हा नियम माहीत नसला तरी बिघडत नाही, शेजारी बसलेला समजावून सांगतो. अनोळखी माणसाशी तीन-साडेतीन तास सहज बोलत बसता येईल अशी दुसरी संध्याकाळ इथल्या वर्षात क्वचितच सापडते.

हॉल उघडायचा तर आधी कायदा नीट समजून घ्यावा. २००७ साली इंडियानापोलिसमधल्या एका बाप्टिस्ट चर्चनं असाच कार्यक्रम ठरवला होता. त्यांच्याच शहराचा संघ अंतिम सामन्यात होता. एनएफएलनं, म्हणजे सुपर बोल भरवणाऱ्या लीगनं, त्यांना पत्र पाठवून हरकत घेतली. प्रवेशासाठी पैसे घेताय, आमचं नोंदणीकृत नाव जाहिरातीत वापरताय आणि पडदा ५५ इंचांहून मोठा आहे, हे तीन मुद्दे. बरीच नाराजी झाली, प्रकरण सिनेटपर्यंत गेलं, आणि २००८ मध्ये लीगनं चर्चपुरती भूमिका बदलली. आता पडद्याचा आकार कितीही असला तरी चालतो. मात्र सामना थेटच दाखवायचा, प्रवेश मोफत ठेवायचा, आणि जागा चर्चच्या रोजच्या वापरातली हवी. भाड्याचं सभागृह चालत नाही. जेवणाच्या खर्चासाठी ऐच्छिक दानपेटी ठेवता येते. फलकावर सरळ ‘मोठ्या सामन्याची संध्याकाळ’ असं लिहावं, संघांची बोधचिन्हं छापू नयेत. सामना रेकॉर्ड करून चर्चच्या बुधवारच्या तरुण मंडळाला दाखवणं या सवलतीत बसत नाही.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. सकाळची उपासना ऑनलाइन दाखवणारा कॅमेरा पुष्कळ चर्चमध्ये वेळापत्रकानुसार आपोआप सुरू होतो. संध्याकाळी तो हॉलच्या दिशेला चालू राहिला, तर सामना चर्चच्या वाहिनीवरून जगभर जातो. कॅमेऱ्याची वायर काढूनच ठेवावी.

चित्र मिळवायचा उत्तम मार्ग म्हणजे साधा अँटेना. सामना फुकट दिसणाऱ्या मोठ्या वाहिनीवर असतो, आणि स्ट्रीमिंग ॲपच्या अटींत बहुधा घरगुती वापरच असतो. शिवाय ॲपवरचं चित्र प्रत्यक्षापेक्षा अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त मागे असतं. पडद्यावर चेंडू अजून हवेत असतो आणि मागच्या रांगेतल्या कुणाच्या तरी फोनवर टचडाउनची, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेल्याची, सूचना वाजते. अँटेना खिडकीजवळ ठेवून शनिवारीच वाहिन्या स्कॅन कराव्यात. प्रोजेक्टरपर्यंतची एचडीएमआय केबल पंधरा मीटरच्या पुढे गेली, तर साध्या केबलमध्ये चित्र तुटायला लागतं. आणि सगळ्यात जास्त वेळा होणारी फजिती आवाजाची. केबलमधून आवाज प्रोजेक्टरच्या चिमुकल्या स्पीकरला जातो, हॉलच्या मिक्सरला जात नाही. तो मधेच वेगळा काढणारी छोटी डबी मिळते, तिच्यातून मिक्सरला जोडावं. सामना सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी हे लक्षात आलं, तर दुकानं बंद व्हायला आलेली असतात.

आता जेवण. या संध्याकाळचा मुख्य पदार्थ चिली, म्हणजे खिमा, राजमा, टोमॅटो आणि जिरेपूड घालून तासन्‌तास रटरटवलेलं दाट कालवण. प्रत्येक घरातून एक स्लो कुकर येतो. सहा क्वार्टचा, म्हणजे साडेपाच लिटरच्या आसपासचा कुकर पाऊण भरला की चार लिटर चिली होते, आणि माणशी पाव लिटर धरलं तर सोळा जणांना पुरते. पन्नास माणसांना तीन कुकर आणि चौथा बिनमांसाचा. तो हवाच. बीफ न खाणारी माणसं असतात, त्यांना विचारत फिरायला लावू नये. प्रत्येक कुकरपुढे आत काय आहे ते मोठ्या अक्षरात लिहून ठेवावं. वाळलेला लाल राजमा भिजवून थेट स्लो कुकरमध्ये टाकू नये. त्या मंद आचेवर त्यातलं विष मरत नाही, पोटं बिघडतात. आधी चांगला खळखळून उकळावा किंवा आपल्या सवयीप्रमाणे प्रेशर कुकरच्या शिट्ट्या काढाव्यात. नाहीतर डब्यातला शिजलेला घ्यावा. गार झालेली चिली ‘वॉर्म’वर ठेवून गरम करणंही तितकंच वाईट. गॅसवर उकळी आणून मगच कुकरमध्ये ओतावी आणि ६० अंश सेल्सियसच्या वर राहील असं बघावं.

फ्यूज कसा जातो ते सांगतो, कारण तो जातोच. हॉलच्या भिंतीवरचं एक सर्किट बहुधा २० अँपिअरचं असतं. इथली वीज १२० व्होल्टची, म्हणजे एका सर्किटवर २,४०० वॅट. चार स्लो कुकर प्रत्येकी २५० वॅटचे धरले तर हजार होतात, काही अडचण नाही. मग कुणीतरी शंभर कपांचं कॉफीचं भांडं त्याच भिंतीला लावतं. ते एकटं १,५०० वॅट खातं. बेरीज २,५००, ब्रेकर पडतो, आणि प्रोजेक्टरही त्याच सर्किटवर असला तर सामन्याच्या चार भागांपैकी दुसऱ्या भागात, दुसऱ्या क्वार्टरमध्ये, पडदा काळा होतो. कॉफी स्वयंपाकघरात, कुकर एका भिंतीला, प्रोजेक्टर दुसऱ्या. कुठला सॉकेट कुठल्या ब्रेकरवर आहे ते आधी एकदा बंद करून बघावं आणि सॉकेटवर चिकटपट्टीनं आकडा लावावा.

मध्यंतर एरवीच्या सामन्यात बारा-तेरा मिनिटांचं असतं, या दिवशी अर्ध्या तासाच्या घरात जातं, कारण मैदानावर गाण्यांचा मोठा कार्यक्रम होतो. २००४ सालच्या मध्यंतरात एका गायिकेची छाती क्षणभर उघडी पडली, त्या प्रकारानंतर अनेक चर्चमध्ये त्या वेळी पडदा बंद ठेवायची पद्धत पडली. ती वाईट आहे असं मी म्हणणार नाही, पण त्या जागी लांबलचक संदेश ठोकणं हे मात्र आमंत्रण देऊन माणसाला कोंडणं आहे. बंद ठेवायचंच तर मुलांचे खेळ घ्यावेत, पाच मिनिटांची एक साक्ष, म्हणजे कुणाच्या तरी श्रद्धेचा अनुभव, ठेवावी आणि जेवू द्यावं. चालू ठेवायचं तर दुसऱ्या दिवशी त्या गाण्यांबद्दल मुलांशी मोकळेपणानं बोलावं. मुलं ती पाहणारच असतात. मोठ्यांबरोबर बसून पाहिली तर निदान प्रश्न विचारता येतात.

आता चौकोनांचा खेळ. मोठ्या पुठ्ठ्यावर दहा बाय दहा असे शंभर चौकोन आखतात. आडव्या बाजूला एक संघ, उभ्या बाजूला दुसरा, आणि ० ते ९ हे आकडे चिठ्ठ्या टाकून लावतात. क्वार्टर संपला की दोन्ही संघांच्या गुणांतला शेवटचा आकडा बघायचा. २४–१७ असेल तर ४ आणि ७ जिथे मिळतात तो चौकोन जिंकला. टचडाउनचे सहा, त्यावर बहुधा एक, आणि फील्ड गोलचे, म्हणजे चेंडू लाथेनं खांबांमधून मारल्याचे, तीन, या हिशोबामुळे ०, ३, ४ आणि ७ हे आकडे वारंवार येतात, तर २ आणि ५ क्वचित. म्हणून चौकोन आधी भरून घ्यावेत आणि आकडे नंतर काढावेत, नाहीतर सगळे त्याच रांगांवर तुटून पडतात. कचेऱ्यांमध्ये यावर पैसे लावतात. चर्चमध्ये एक डॉलरही लावू नये. बऱ्याच राज्यांत तो परवान्याशिवायचा जुगार ठरतो, आणि त्याहून मोठं कारण म्हणजे २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं राज्यांना क्रीडा सट्ट्याची वाट मोकळी केल्यापासून पुष्कळ राज्यांत जुगार खिशातल्या फोनमध्ये आला आहे. मंडळीतल्या कुठल्या तरुणाचं त्यात किती गेलंय हे पाळकाला सगळ्यात शेवटी कळतं. त्याच्यासाठी या एका हॉलमध्ये तरी खेळ नुसता खेळ असावा. बक्षीस म्हणून ‘ॲपल पाय’ हा सफरचंदाचा गोड पदार्थ ठेवावा, मुलं तेवढ्यावरही जीव टाकून चौकोन भरतात.

सामन्याआधी प्रार्थना करावी का? जरूर करावी, पण अमुक संघ जिंकू दे अशी करू नये. दोन्ही बाजूंचे खेळाडू गुडघे टेकतात. ३ डिसेंबर १९९० रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदानावर फोर्टीनायनर्स आणि जायंट्स या दोन संघांचे काही खेळाडू सामना संपल्यावर मधोमध एकत्र बसले आणि त्यांनी प्रार्थना केली. तेव्हापासून ती रीतच पडली. त्या वर्तुळात जिंकलेला आणि हरलेला शेजारी असतो, आणि म्हणून मला ती प्रार्थना खरी वाटते. हॉलमधली प्रार्थना अर्ध्या मिनिटाची पुरे: खेळाडूंच्या शरीरांसाठी, पंचांसाठी, आज रात्री कामावर असलेल्यांसाठी आणि अन्नासाठी.

शरीरांसाठी हे मुद्दाम म्हटलं. २ जानेवारी २०२३ ला सिनसिनाटीत बफेलो संघाचा खेळाडू डमार हॅमलिन एका टकरीनंतर उभा राहिला आणि लगेच कोसळला. छातीवर नेमक्या क्षणी बसलेल्या आघातानं त्याचं हृदय थांबलं होतं. संघाच्या वैद्यकीय सहायकानं मैदानातच त्याची छाती दाबायला सुरुवात केली, यंत्रानं झटका दिला गेला, आणि दोन्ही संघ भोवती गुडघ्यांवर बसले. दुसऱ्या दिवशी एका क्रीडा वाहिनीवर समालोचकानं थेट कार्यक्रमात डोळे मिटून प्रार्थना केली. हॅमलिन वाचला, त्याच वर्षी पुन्हा खेळलाही. त्या रात्री प्रार्थना करणारे आणि छाती दाबणारे हात एकाच मैदानावर होते, आणि मंडळीनं दोन्ही शिकावं. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल दाबायची. झटका देणारं यंत्र अनेक चर्चमध्ये असतं, पण कार्यालयात कुलपाच्या आड. सुपर बोलच्या संध्याकाळी ते हॉलच्या दारापाशी आणून ठेवावं आणि चिकटवायच्या पॅडची तारीख बघावी. साधारण दोन वर्षांत ते कालबाह्य होतात, बॅटरी चालू असली तरी.

सार्वजनिक शाळांच्या मैदानावरच्या प्रार्थनेचा वाद वेगळा आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या ब्रेमर्टन इथल्या एका प्रशिक्षकाला सामन्यानंतर मैदानाच्या मध्यावर प्रार्थना करता येईल, असा निकाल सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी दिला. इथल्या पुष्कळ पाळकांना आनंद झाला. महाराष्ट्रात अल्पसंख्य म्हणून वाढलेल्या ख्रिस्ती माणसाची नजर मात्र आधी त्या मुलाकडे जाते, जो वेगळ्या धर्माचा आहे, ज्याला संघात जागा हवी आहे आणि ज्याचं नाव प्रशिक्षकाच्या यादीत आहे. त्याला बाजूला उभं राहायची खरोखर मोकळीक आहे का, एवढं प्रशिक्षकानं स्वतःला दर वेळी विचारावं.

आपल्याकडे तर एके काळी संघच धर्मावरून पडायचे. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन आणि उरलेले सगळे ‘द रेस्ट’. सांगलीचे विजय हजारे मराठी ख्रिस्ती, म्हणून ते ‘द रेस्ट’कडून खेळले. १९४३ च्या अंतिम सामन्यात ब्रेबॉर्नवर हिंदू संघानं ५८१ धावांचा डोंगर रचला होता. फॉलोऑननंतर ‘द रेस्ट’च्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या, आणि तरीही संघ डावानं हरला. देव जिंकणाऱ्याच्या बाजूनं असतो असं म्हणणाऱ्या इथल्या तरुणांना हे आकडे सांगावेत. बायबलमधल्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल धावण्याच्या शर्यतीबद्दल लिहितो. करिंथजवळच इस्थमियन खेळ भरत, विजेत्याला पाल्याचा मुगुट मिळे, आणि तो काही दिवसांत सुकून जाई. त्या सकाळच्या संदेशासाठी हा उतारा चांगला आहे. फुटबॉलच्या डावपेचांचे दाखले तीनपेक्षा जास्त देऊ नयेत, अर्ध्या मंडळीला ते कळत नाहीत.

शेवटी पातेलं. १९९० मध्ये साउथ कॅरोलिनातल्या कोलंबिया शहरात एका प्रेस्बिटेरियन चर्चच्या तरुण मंडळानं, सामना बघताना वाडगाभर सूपही न मिळणाऱ्यांची आठवण राहावी म्हणून दारात सूपची पातेली धरली. ‘सुपर’चं ‘सूपर’ केलं आणि माणशी एक डॉलर मागितला. पहिल्या वर्षी त्या शहरातल्या २२ चर्चनी मिळून ५,७०० डॉलर जमवले. पुढे ते देशभर पसरलं, आणि पैसे मात्र आजही ज्या त्या गावातल्याच अन्नछत्राला जातात. पातेलं रोजच्या वापरातलं, खोल आणि जड घ्यावं. सकाळच्या उपासनेनंतर ते मुलांच्या हातात द्यावं, मोठ्यांनी दारात उभं राहू नये. मोजणी एकाच घरातल्या दोघांनी करू नये. दोन वेगळ्या घरांतले दोघे, टेबलावर, सगळ्यांसमोर. रक्कम दोन कागदांवर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात, एक कागद पाकिटात आणि एक खजिनदाराकडे. उरलेली चिली दोन तासांच्या आत उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवावी. सोमवारी सकाळी अन्नछत्राचं दार उघडतं तेव्हा पाकीट पोचवावं, आणि घरी शिजवलेलं ते स्वीकारत असतील तर डबेही.