व्हर्जिनियात मूळपुरुष शोधताना: आधी रिचमंड कुठलं ते बघा

रिचमंडला जायचं म्हणून आम्ही थेट रिचमंड शहरातलं कोर्ट गाठलं, आणि पहिला दिवस तिथेच वाया गेला. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात रिचमंड शहर वेगळं, रिचमंड काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) वेगळी. काउंटीचं कोर्ट, जिथे जुनी दप्तरं असतात, वॉर्सा नावाच्या लहानशा गावात आहे. शहरातून ३६० नंबरच्या रस्त्याने निघून टॅपाहॅनॉक गाव ओलांडायचं, मग रॅपाहॅनॉक नदीवरचा पूल. तासाभरापेक्षा जास्त वेळ धरा.

सासूबाईंना त्यांच्या माहेरचा मूळपुरुष हवा होता. ज्या संशोधकाला आधी पैसे मोजले, त्याने सुंदर छापलेली वंशावळ पाठवली होती. एकाच नावाचे बाप आणि मुलगा, दोघंही एसेक्स काउंटीतून आलेले. दोन्ही गोष्टी चूक. शिवाय कागदांच्या प्रतींचे पानामागे १० डॉलर लावले. कोर्टाची दप्तरं सांभाळणाऱ्या क्लार्कच्या कार्यालयात पानाला अर्धा डॉलर पडतो. मला अजूनही याचा राग येतो.

एसेक्सची भानगड अशी. १६९२पर्यंत नदीच्या दोन्ही काठांची मिळून एकच रॅपाहॅनॉक काउंटी होती. मग दक्षिणेकडची एसेक्स झाली, उत्तरेकडची रिचमंड. जुनी दप्तरं मात्र एसेक्सकडे, टॅपाहॅनॉकलाच राहिली. आमच्या माणसाची जमीन उत्तर काठावर. त्याचं १६८०च्या दशकातलं खरेदीखत टॅपाहॅनॉकला सापडलं आणि मृत्युपत्र वॉर्साला. तो जागचा हललाच नव्हता. तेव्हा आपल्या माणसाच्या काळात सीमा कुठे होती, ते घरून निघण्याआधी पाहा.

बाप-मुलाचा घोळ मृत्युपत्रातून झाला. लिहिल्याची तारीख नोव्हेंबर १७११, कोर्टात शाबीत झाल्याची फेब्रुवारी १७११. लिहिण्याआधीच शाबीत कसं होईल, म्हणून त्या संशोधकाने माणसं दोन केली! इंग्रजांच्या मुलखात १७५२पर्यंत वर्ष २५ मार्चला बदलायचं. एकाच शकात कार्तिकानंतर माघ येतो, तसंच हे. पाडव्याला वर्ष बदलणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. वहीत शेजारी शेजारी दोन पानं उघडून मी सासूबाईंना दाखवली, तेव्हा त्या कितीतरी वेळ नुसत्या त्या सहीच्या जागी काढलेल्या खुणेकडे बघत होत्या.

सगळ्यात वाईट गेला ऑर्डर बुकांचा दिवस. कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या या वह्या. कर्जाचे दावे, रस्ता कोणी दुरुस्त करायचा, अनाथ मुलं कोणाच्या ताब्यात द्यायची, सगळं त्यात. आम्ही पाहिलेल्या सूचीत फक्त दावा लावणाऱ्याचं नाव होतं, म्हणून साक्षीदार आणि शेजारी शोधायला पान न् पान वाचावं लागलं. सतराव्या शतकातलं अक्षर ओळखीचं नाही: 'एच'चा पाय ओळीखाली लोंबतो, 'सी' आणि 'आर' एकमेकांसारखे दिसतात. मोडी शिकताना बाराखडी गिरवतात, तशी ही अक्षरं आधी गिरवून जा. आम्ही गेलो नाही. चार तासांत डोकं ठणकायला लागलं आणि हाती आल्या फक्त तीन नोंदी. जेवण बरोबर न्या, आणि एका दिवशी एकापेक्षा जास्त वही हातात घेऊ नका.

रिचमंड शहरातल्या राज्य ग्रंथालयात या वह्यांच्या मायक्रोफिल्म (फिल्मवर उतरवलेल्या प्रती) आहेत. पान नंबर तिथे उतरवून मगच काउंटीला जा. न्यू केंट, हॅनोव्हर, ग्लॉस्टर यांपैकी काउंटी निघाली तर मन घट्ट करा. न्यू केंटचं दप्तर १७८७ला जळलं, आणि यादवी युद्धात सुरक्षित राहावीत म्हणून रिचमंड शहरात नेलेली बरीच दप्तरं एप्रिल १८६५च्या आगीत गेली. अशा वेळी शेजारच्या काउंटीत शोधा.

शेवटच्या दिवशी आमच्या माणसाच्या मालमत्तेची यादी मिळाली. पिसांची गादी, लोखंडी भांडं, जुनी बंदूक. त्याखाली एक गुलाम बाई आणि तिचं मूल, नावानिशी, पुढे किंमत. त्याखाली गाय-वासरू. संशोधकाच्या प्रतींत हे पान नव्हतंच. तुम्हाला असं पान मिळालं तर गाळू नका. त्या बाईचे वंशज आज शोध घेत असतील तर त्यांना तिचं नाव बहुतेक अशाच यादीत सापडणार. सासूबाईंनी ते पान वंशावळीच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावायला सांगितलं, आणि आम्ही तसंच लावलं.