वाटीभर वरणाने काय होते?

बारशाला, लग्नघरी, जिन्यात भेटलेल्या शेजारणीकडून, गेली सहा वर्षे मला एकच प्रश्न विचारला जातो : "पोरीला वाटीभर वरण दिलंस तर काय बिघडणार आहे?" तुम्ही काळजीपोटी विचारता हे मला ठाऊक आहे, म्हणून आज नीट उत्तर देते.

वाटीभर तुरीच्या वरणात फेनिलॲलनिन हे अमिनो आम्ल सुमारे 300 मिलिग्रॅम असते आणि माझ्या मुलीला दिवसभरात मिळून 250 मिलिग्रॅमचीच मुभा आहे. तुमच्या-माझ्या यकृतातले एक विकर (एन्झाइम) या आम्लाचे टायरोसिन करते, आणि त्यातूनच पुढे डोपामिन, ॲड्रिनलिन, थायरॉइडची संप्रेरके आणि केसांचा काळा रंग तयार होतो. फेनिलकीटोनयुरिया या जन्मजात आजारामुळे तिच्यात ते विकर जवळजवळ नाही, कारण त्याच्या जनुकाची सदोष प्रत तिला आई आणि वडील अशा दोघांकडूनही मिळाली. "हे माहेरचंच" म्हणणाऱ्यांनी एवढे वाक्य पुन्हा वाचावे. साठलेले आम्ल इतर अमिनो आम्लांची मेंदूत जाण्याची वाट अडवते आणि वाढत्या मेंदूची कायमची हानी करते. नॉर्वेच्या डॉक्टर फॉलिंग यांनी 1934 मध्ये दोन भावंडांची लघवी तपासताना ती हिरवी झालेली पाहून हा आजार ओळखला, पण तोवर त्या मुलांची हानी होऊन गेली होती. माझ्या मुलीचा आजार टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या ठिपक्यावरून वेळेत कळला.

"मग ते आम्ल पूर्ण बंदच का करत नाहीस?" असेही काही जण विचारतात. हा प्रश्न मला सहन होत नाही, कारण मी जवळजवळ तसेच करून पाहिले आहे.

ती दहा महिन्यांची होती. रक्तातल्या फेनिलॲलनिनचा आकडा 6 च्या आत हवा असताना 9 आला. कोणालाही न विचारता मी भाताची पेज बंद केली, बटाटा बंद केला, मोजून पाजायचे अंगावरचे दूध निम्म्यावर आणले. उरली पाण्यात शिजवलेली साबुदाण्याची खीर, साजूक तूप आणि फेनिलॲलनिन काढून टाकलेली ती उग्र वासाची औषधी पावडर. आकडा झरझर उतरला, आणि त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी शांत झोपले. नंतर तो 11 वर गेला, म्हणून मी आणखी कमी केले. तिच्या तोंडाभोवतीची आणि लंगोटाखालची कातडी लाल होऊन सोलू लागली, उशीवर केस दिसू लागले, घरभर रांगणारे मूल मांडीवर नुसते पडून राहू लागले. आहारतज्ज्ञ बाई माझ्या वहीतली मोजमापे बोट ठेवून एकेक वाचत गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, ही उपाशी आहे."

हे आम्ल शरीराला स्वतः बनवता येत नाही आणि त्यावाचून वाढताही येत नाही. अन्नातून पुरेसे आले नाही, तर शरीर स्वतःचेच स्नायू मोडते आणि त्या स्नायूंतले फेनिलॲलनिन रक्तात उतरते. मी कमी करत होते, म्हणूनच आकडा वाढत होता. त्याच संध्याकाळी तिला मोजून पेज दिली, तेव्हा तिने चमचा दोन्ही हातांनी धरला.

विचारायला हवे होतेस, असे मी त्या वेळच्या मला आजही बजावते. ती म्हणते, समोर 9 चा आकडा होता, तू तरी हात बांधून बसली असतीस का? या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

आणि तुमच्या वरणाबद्दल एक कबुली द्यायची आहे. मागच्या आठवड्यात मुलीनेच विचारले, "वरण कसं लागतं?" बटाट्याची एक फोड कमी करून मी तिला काट्यावर मोजलेले एक चमचा वरण दिले. हिशेबात ते पूर्वीही बसले असते. मीच भीतीने कधी बसवले नाही. आता ती रोज मागते, आणि उद्या काय करायचे हे मी अजून ठरवलेले नाही.