नंदुरबार ते बऱ्हाणपूर: वाटेत मेक्सिको

१६१५ च्या ऑक्टोबरअखेर इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो सुरतेहून निघाला. जहांगीर तेव्हा अजमेरला होता, पण रोला आधी बऱ्हाणपूर गाठायचं होतं. तिथवर पोचायला त्याला साधारण पंधरा दिवस लागले. त्याच्या रोजनिशीत वाटेतल्या मुक्कामांची नावं आहेत. इंग्रजी कानांनी ऐकलेली असल्यामुळे ती वेडीवाकडी उतरली आहेत, पण खानदेशी माणूस चटकन ओळखतो: नंदुरबार, सिंदखेडा, थाळनेर, चोपडा, अडावद. ही वाट आजही गाडीने जाता येते. अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आणि दोन दिवस पुरेसे. आम्ही चौघे याच वाटेने गेलो: गाडीच्या चाकावर शेतकरी नाना, शेजारी शाळेत इतिहास शिकवणारे मास्तर, मागे ताई आणि मी.

निघण्याआधी एक खेळ ठरला. प्रत्येक मुक्कामावर एकाने तिथलीच एखादी वस्तू दाखवायची आणि बाकीच्यांनी ती जगात कुठून आली ते ओळखायचं. हरेल त्याने चहा पाजायचा. सन आधी सांगायचा नाही, कारण सन ऐकला की माणसं परीक्षेला बसल्यासारखी गप्प होतात. मोबाइल गाडीच्या खणात ठेवायचे. कुणी मोबाइलवरून वाचायला लागलं की गप्पा संपतात आणि तास सुरू होतो. मित्रांसोबत इतिहास बघायचा असेल तर हे दोन नियम पाळाच.

पहिली पाळी ताईची होती आणि जागा होती नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या. शेतकरी इथे ओली लाल मिरची विकतो आणि व्यापारी ती मोकळ्या मैदानावर पसरून सुकवतो. ही मैदानं म्हणजे पथाऱ्या. हिवाळ्यात त्या लालभडक असतात. जाताना तोंडाला ओला रुमाल बांधा आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभे राहू नका, नाहीतर ठसका थांबत नाही. चार किलोच्या आसपास ओली मिरची सुकवली की किलोभर सुकी मिरची हाती येते. सुकली की नाही ते कानाने कळतं: मूठभर मिरच्या कानाशी हलवल्या आणि आत बी खुळखुळलं की माल तयार. अवकाळी पाऊस आला आणि ताडपत्री वेळेत पडली नाही, तर सालीवर बुरशी चढते, पांढरे डाग पडतात आणि तीच मिरची ‘फटकी’ म्हणून निम्म्या भावालाही जात नाही.

ताईने एक मिरची पुढे धरली. ‘‘कुठली?’’

‘‘नंदुरबारची,’’ नाना म्हणाला. ‘‘खानदेशाची नाही तर कुणाची? आमचा काळा मसाला हिच्याशिवाय होतो का?’’

ही मिरची मुळात मेक्सिकोची. तिथल्या लोकांनी ती हजारो वर्षांपूर्वी लागवडीत आणली. कोलंबसानंतर ती समुद्रापार गेली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या पश्चिम किनाऱ्याला लागली. अकबराच्या मुदपाकखान्यातल्या जिनसा ‘ऐन-ए-अकबरी’त दिल्या आहेत. त्यांत मिरी आहे, मिरची नाही.

‘‘म्हणजे अकबराने शेवभाजी खाल्लीच नाही?’’ नानाला बादशहाबद्दल मनापासून वाईट वाटलं. चहा त्याच्या नावावर लागला.

सिंदखेड्यात आम्ही थांबलो नाही. तिथून नरडाण्यावरून मुंबई-आग्रा महामार्गाला लागायचं, तापीचा मोठा पूल ओलांडायचा आणि शिरपुराहून थाळनेरला वळायचं. रो या भागात आला तेव्हा तापीवर पूल नव्हता. त्याचा मुक्काम थाळनेरला पडला तो नदी उतरायची जागा तिथे होती म्हणून.

थाळनेरला पुरेसा वेळ द्या, निदान तीन तास. गाव आज शांत आहे. अनेकांना ते लता मंगेशकरांचं आजोळ म्हणून ठाऊक असतं. पण खानदेशाची पहिली राजधानी हीच. फिरोजशहा तुघलकाने १३७० मध्ये मलिक राजा फारुकीला हा मुलूख दिला, त्याने इथे बस्तान बसवलं आणि पुढे त्याचं घराणं स्वतंत्र झालं. फारुकींच्या कबरींचे घुमट गावाजवळ उभे आहेत. त्यातला आठकोनी घुमट सकाळी बघावा. ऊन तिरपं असतं तेव्हा दगडावरची नक्षी उठून दिसते, बाराच्या उन्हात सगळं सपाट होतं. किल्ला नदीकाठच्या उंचवट्यावर आहे. तटाचे आणि बुरुजांचे थोडेच भाग शिल्लक आहेत आणि माती ढासळती आहे, त्यामुळे नदीकडच्या कडेला उभं राहू नका. बाभळीचे काटे चपलेतून आरपार जातात. बूट घाला.

इथे पाळी मास्तरांची. त्यांनी दाराची जागा दाखवली आणि विचारलं, ‘‘या दाराची चर्चा जगातल्या कुठल्या शहरात झाली?’’

दिल्ली, पुणे, इंदूर, सगळी नावं सांगून झाली. उत्तर होतं लंडन. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरची लढाई होळकर हरले आणि जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहात खानदेश इंग्रजांना गेला. ताबा घ्यायला सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन उतरला. २७ फेब्रुवारीला तो थाळनेरसमोर आला. किल्लेदार तुळशीराम मामाने सुरुवातीला किल्ला सोडला नाही. तोफा चालल्या, बाहेरचे दरवाजे पडले, बोलणी सुरू झाली आणि काही इंग्रज अधिकारी आतल्या दरवाज्याच्या दिंडीतून आत शिरले. दिंडी म्हणजे मोठ्या दारातलं लहान दार, एका वेळी एकच माणूस वाकून जाईल एवढं. आत काय ठरलं आणि कुणाला काय समजलं ते धुरात हरवलं. झटापट झाली, मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅकग्रेगर मारले गेले. मग बाहेरच्या फौजेने आतली शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला फाशी दिलं. पुढच्या वर्षी ब्रिटिश संसदेत या मोहिमेच्या आभाराचा ठराव आला तेव्हा थाळनेरच्या फाशीवर प्रश्न उठले. हे आभार म्हणजे त्या फाशीला दिलेली संमती नव्हे, हे तिथे स्पष्ट करावं लागलं.

इथे कुणी थट्टा केली नाही. दिंडीतून वाकून जाणाऱ्या माणसाला आतलं दिसत नाही आणि आतल्याला त्याच्यामागे किती जण आहेत ते कळत नाही. एवढ्या एका दाराने तीनेकशे जीव घेतले. दारासमोर उभं राहिलं की हे पटतं, वाचून पटत नाही.

चोपड्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा दोन्ही बाजूंना कपाशीची वेचणी चालू होती. ही पाळी नानाची आणि तो तयारीत होता. त्याने बांधावरच्या मालकाला विचारून एक उमललेलं बोंड घेतलं. तुम्हीही विचारूनच घ्या. बोंडाच्या एका पाकळीतली मधली सरकी काढायची. तिच्यावरचे तंतू भांग पाडल्यासारखे दोन बाजूंना करायचे, बारीक कंगव्याने हलकेच विंचरायचे आणि सरकीपासून टोकापर्यंत फुटपट्टी लावायची. साधारण २८ ते ३० मिलिमीटर भरतात. हे सकाळी लवकर करू नका. दहिवराने तंतू चिकटतात, ओढले की तुटतात आणि माप खोटं येतं. अकरा वाजल्यानंतर करा.

‘‘आता सांगा, ही जात कुठली?’’

‘‘अमेरिकेची,’’ मास्तर म्हणाले.

‘‘नीट सांग. मी नंदुरबारात चहा भरलाय.’’

जुनी देशी कपाशी आखूड धाग्याची होती. आज सगळीकडे दिसणारी लांब धाग्याची कपाशी मुळात मेक्सिकोकडची. तिथून ती अमेरिकेच्या दक्षिणेत पसरली आणि तिच्यावर इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्या चालल्या. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, लिंकनने दक्षिणेची बंदरं रोखली आणि गिरण्यांना कापूस मिळेना. मग सगळ्यांच्या नजरा आपल्याकडे वळल्या. लोहमार्ग त्याच काळात खानदेशात पोचत होता. मुंबईत कापसाचे भाव आभाळाला भिडले आणि जळगावच्या पेठेला त्याच वर्षांत बरकत आली. इंग्लंडात मात्र आपल्या आखूड, कचरा मिसळलेल्या कापसाला विणकरांनी इतकी नावं ठेवली की ‘सुरत’ हा शब्दच हलक्या मालासाठी वापरला जाऊ लागला. १८६५ च्या एप्रिलमध्ये यादवी संपली आणि भाव कोसळले. मुंबईतल्या बँका आणि शेअर कंपन्या पटापट बुडाल्या.

‘‘म्हणजे तिकडे लिंकनने बंदर अडवलं की इकडे पणजोबाच्या हातात पैसा,’’ नाना म्हणाला, ‘‘आणि तिकडे तह झाला की पणजोबा सावकाराच्या दारात. भावाचं गणित तेव्हाही आपल्या हातात नव्हतंच.’’ ताई म्हणाली, ‘‘पण मेक्सिको दुसऱ्यांदा आलं, हे कुणी लिहून ठेवा.’’

रात्री चोपड्यात भरीत आणि कळण्याची भाकरी. वांगं अस्सल इथलं, मिरचीचा उगम आता ठाऊक होता आणि भुईमूग दक्षिण अमेरिकेचा. भरीत सांगताना ‘काट्यांवर भाजलेलं, बडगीत ठेचलेलं’ असं मुद्दाम सांगा. काट्या म्हणजे वाळक्या काटक्या आणि बडगी म्हणजे भरीत ठेचायचं लाकडी भांडं. गॅसवर भाजलं तर धुराचा वास येत नाही आणि मिक्सरला लावलं तर बी फुटून कडवट लागतं.

दुसऱ्या दिवशी अडावद, यावल आणि फैजपूर. यावलच्या पुढे केळीचा पट्टा लागतो. जूनमध्ये लावलेली ती मृगबाग, ऑक्टोबरातली ती कांदेबाग. इथली बहुतेक केळी कॅव्हेंडिश गटातली. हे नाव इंग्लंडच्या एका उमराव घराण्याचं. चीनकडची ही जात मॉरिशसमार्गे त्यांच्या काचघरात गेली, तिथल्या माळ्याने १८३० च्या दशकात ती फुलवली आणि धन्याचं नाव दिलं. सावद्याच्या रस्त्यावर केळी खाताना हे सांगितलं की ऐकणारा एकदा तरी सालीकडे बघतो.

फैजपूर मात्र घाईत टाळू नका. डिसेंबर १९३६ मध्ये इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. मंडप आणि कमानी नंदलाल बोस यांनी स्थानिक बांबूतून उभ्या केल्या. नेहरूंनी खानदेशातल्या शेतकऱ्यांसमोर स्पेनमधल्या यादवीबद्दल आणि ॲबिसिनियाबद्दल, म्हणजे आजच्या इथिओपियाबद्दल, भाषण केलं. ती यादवी सुरू होऊन जेमतेम पाच महिने झाले होते.

मास्तरांनी विचारलं, ‘‘या अधिवेशनाला आलेल्या एका पाहुण्याने दुसऱ्याच एका देशात कम्युनिस्ट पक्ष काढला होता. कोण आणि कुठला देश?’’

मानवेंद्रनाथ रॉय. महिनाभरापूर्वीच तुरुंगातून सुटले होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मन शस्त्रांच्या खटपटीत जगभर फिरत ते अमेरिकेत गेले, तिथून सटकून १९१७ मध्ये शेजारच्या देशात पोचले आणि १९१९ मध्ये तिथल्या समाजवादी पक्षाचा कम्युनिस्ट पक्ष झाला तेव्हा पुढे होते. देश कुठला, ते ताईने ओठांवर बोट ठेवून नानाकडे बघत सुचवलं.

‘‘हाऊ मेक्सिको आठे बी उना का?’’ नानाने गाडी बाजूला घेतली. त्याला हसू आवरेना.

रावेरवरून दुपारी बऱ्हाणपूर. आज ते मध्य प्रदेशात आहे, पण जुन्या खानदेशाची राजधानी तेच. रोला १६१५ मध्ये इथे मातीची घरंच जास्त दिसली होती. जहांगीरचा मुलगा शहजादा परवेझ याला त्याने नजराण्यात मद्याच्या बाटल्यांची पेटी दिली आणि संध्याकाळी रोला भेटीला बोलावणारा शहजादा ती भेट द्यायच्या अवस्थेतच राहिला नाही. इंग्रजांची खरी अडचण वेगळी होती: आपल्याकडे खपेल असा माल त्यांच्याजवळ फारसा नव्हता. म्हणून कापड आणि नीळ घ्यायला ते स्पॅनिश चांदीचे रियाल आणत. बऱ्हाणपूरला मुघलांची टांकसाळ होती. एका मोठ्या रियालात साधारण २७ ग्रॅम वजन, रुपयात साडेअकराच्या आत-बाहेर. म्हणजे एक रियाल वितळवला की दोन रुपयांहून थोडं जास्त. ही चांदी तेव्हाच्या पेरूतल्या, आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या खाणीतली आणि मेक्सिकोतली. चौथ्यांदा. आता कुणी मोजायचं सोडलं नव्हतं.

शेवटचं ठिकाण कुंडी भंडारा. मुघल सरदार खानखानान अब्दुर्रहीमच्या काळात, रो आला त्याच १६१५ साली, एका इराणी जाणकाराने हे पाणी बांधलं. सातपुड्याकडून जमिनीत मुरत येणारं पाणी एका बोगद्यात अडवायचं. बोगद्याला अगदी थोडा उतार द्यायचा, म्हणजे पाणी पंपाशिवाय स्वतःच शहरापर्यंत चालत जातं. ठरावीक अंतरावर वरून विहिरीसारख्या कुंड्या, हवेसाठी आणि गाळ काढायला. अशा शंभराहून जास्त कुंड्या आहेत. उतार जास्त झाला तर पाणी बोगद्याची तळमाती खरवडतं, कमी झाला तर गाळ बसतो. पाण्यात चुना आहे आणि तो भिंतींवर थरावर थर चढून वाट अरुंद करतो. आसपास बोअर वाढले की झरा खाली जातो. उतरायला एका कुंडीत लिफ्ट आहे. ती चालू आहे का ते आधी विचारून घ्या, पावसाळ्यात येऊ नका आणि खाली गुडघाभर पाण्यात चालायची तयारी ठेवा.

खाली गार होतं. भिंतीवर बोट फिरवलं की चुन्याचा खरबरीत थर लागतो. नाना सुटल्यासारखा म्हणाला, ‘‘हे मात्र इराणचं. इथे तरी तुमचा मेक्सिको नाही.’’

इराणात याला कनात म्हणतात. अरबांबरोबर ही विद्या उत्तर आफ्रिकेतून स्पेनमध्ये गेली. जुन्या माद्रिदला असंच भूमिगत पाणी मिळायचं. मग स्पॅनिश लोक जहाजांत बसले, आणि उत्तरेकडच्या पार्रास गावात त्यांनी असेच बोगदे खणले.

‘‘पार्रास कुठे आलं?’’ नानाने विचारलं, आणि कुणी उत्तर द्यायच्या आधीच हात वर केला. ‘‘ऱ्हाऊ दे. चला वर, च्या मीच पाजस.’’