तिसरा साचा

आज आप्पांना घेऊन लोअर परळच्या मॉलमध्ये गेले होते. भाच्याच्या लग्नासाठी कपडे बघायचे होते, दुसरं काही नाही. टॅक्सी नाही, आप्पांना चालतच यायचं होतं. आप्पा फाटकाशी थबकले आणि वर बघत राहिले. चिमणी. बाकी गिरणी गेली, ती तेवढी उभी आहे.

आप्पा या कापड गिरणीच्या साचेखात्यात होते, साचे म्हणजे कापड विणायचे माग. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी दुसरीत. कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या शब्दावर अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. 'महिन्याभरात मिटेल गं,' असं आप्पा आईला म्हणाले होते. आईने आधी भांडी विकली, मग खानावळ घातली, आम्हा भावंडांना गावी धाडलं. संप मिटलाय असं आप्पांना आजवर कुणी येऊन सांगितलेलं नाही. थकबाकी किती मिळाली ते लिहीत नाही, बीपी वाढतं.

दुकानात आप्पांनी एक शर्ट उचलला. किंमत बघितलीच नाही. कापड चिमटीत धरून उजेडाकडे केलं, अंगठ्याने चोळलं.

"ताणा बरा आहे, बाणा कच्चा." म्हणजे उभे धागे बरे, आडवे कच्चे.

सेल्समन पोरगा हसत काहीतरी बोलला. आप्पांना ऐकू गेलं नाही. साच्यांच्या खडखडाटात कान गेले ते गेलेच, आता ते ओठ वाचतात.

"इथे कामाला होतात आजोबा?" पोराने मोठ्याने विचारलं.

"तू उभा आहेस ना, साधारण तिथंच माझा तिसरा साचा."

पोरगा नकळत एक पाऊल बाजूला सरकला.

शर्ट घेतला नाही. बाहेर येऊन दोघांनी वडापाव खाल्ला.