डब्यातला वाल

प्रश्न दोन गुणांचा होता. ‘शास्त्रीय कारणे लिहा: विषाणू सजीव-निर्जीवांच्या सीमारेषेवर आहेत असे म्हणतात.’ विषाणूला पेशी नसते, एक गुण. दुसऱ्या सजीवाच्या पेशीत शिरल्याशिवाय त्याची संख्या वाढत नाही, दुसरा गुण. आठवीचे पेपर तपासताना आमचा हात इथे थांबतसुद्धा नाही.

ठाण्यातली आमची मराठी शाळा. माझ्या तुकडीचे पेपर शेजारच्या तुकडीचे सर तपासतात, त्यांच्या मुलांचे मी. दिवाळीची सुट्टी संपली, पेपर वाटायचा दिवस आला. वर्गावर जाण्याआधी गठ्ठा चाळत होते, तेव्हा एका मुलीच्या उत्तरापाशी थांबले. समासात लाल शाईने शून्य. तिने लिहिलं होतं:

‘डब्यातले वाल नुसते पडून असतात. भिजवले की मोड येतात. डब्यातला वाल बघून वालाचा वेल जिवंत आहे का असं कोणी विचारत नाही. बाहेरचा विषाणू डब्यातल्या वालासारखा. पेशीत गेला की तो जिवंत. आपण त्याला कुठे बघतो तिथे सीमारेषा आहे.’

बिरड्यासाठी वाल भिजत घालणाऱ्या घरातली मुलगी. कुठल्याही गाइडमध्ये हे नाही.

मला जुलैतला तास आठवला. कांद्याचा पापुद्रा. या प्रयोगात मी कोणाला घाई करू देत नाही. कांद्याची आतली फोड घ्यायची, वाकवून मोडायची, खोलगट बाजूचा पापुद्रा चिमट्याने अलगद सोडवायचा आणि लगेच पाण्यात टाकायचा, नाहीतर तो गुंडाळला जातो. नखाएवढा तुकडा कापायचा. सॅफ्रानिनचा, म्हणजे पेशी रंगवणाऱ्या लाल रंगाचा, एक थेंब, दोन नाही. मग काचपट्टीवर ग्लिसरीन, आणि वरची काच सुईच्या टोकावर तिरकी टेकवून हळूहळू खाली आणायची. धपकन सोडली की हवा अडकते, आणि काळ्या कडेच्या गोल बुडबुड्याला मुलं ‘केंद्रक’ असं नाव देऊन मोकळी होतात. शाळेत सूक्ष्मदर्शक सहा, त्यातले धड दोन. बाकीच्यांच्या भिंगांवर बुरशी. जुलैतल्या आभाळात आरशाला उजेड मिळत नाही म्हणून मोबाइलचा टॉर्च धरावा लागतो. भिंतीवर मोठा डिजिटल फळा आला, भिंगं साफ करून घ्यायला मात्र पैसे निघत नाहीत. मुलं पेशी फळ्यावर बघतात आणि त्यांना ती चित्रासारखीच वाटते. याचा मला खरंच राग येतो.

त्या तासाला मी बाटलीचं बूचही नेते. अर्ध्या ब्लेडने त्याचा पातळ काप काढते. रॉबर्ट हुकने 1665 साली हेच पाहिलं, ‘सेल’ हा शब्द दिला आणि एका घन इंचात असे 120 कोटींहून जास्त कप्पे असतील असा हिशेब मांडला. तेव्हा याच मुलीने विचारलं होतं, ‘‘बाई, बूच तर सुकलेलं असतं. मग पहिल्यांदा दिसलेली पेशी मेलेली होती?’’ मी हो म्हटलं, नुसत्या भिंती उरलेल्या होत्या म्हणून सांगितलं. तेवढ्यात घंटा झाली.

शिक्षकखोलीत सरांना शून्याबद्दल विचारलं. सर तयारीचे आहेत, वरवर बोलत नाहीत. म्हणाले, ‘‘सुक्या वालातही पेशी असतात. अगदी मंद का होईना, श्वसन चालू असतं. विषाणूत काहीच चालू नसतं. उपमाच चुकली.’’ हे मला मान्य करावंच लागलं. पण पुढे ते म्हणाले, ‘‘पेशी सिद्धांत स्पष्ट आहे. पेशी नाही, म्हणजे सजीव नाही. विषय संपला.’’

विषय असा कधी संपलाय? सजीवांचं शरीर पेशींचं बनलेलं असतं हे श्लायडेन या शास्त्रज्ञाने 1838 मध्ये वनस्पतींबद्दल आणि श्वान या शास्त्रज्ञाने 1839 मध्ये प्राण्यांबद्दल सांगितलं, पण नवी पेशी कशी होते यावर दोघेही चुकले. द्रवात स्फटिक जमावा तशी ती केंद्रकाभोवती जमते, असं त्यांना वाटे. पेशी पेशीपासूनच होते हे रेमाकने विभाजन पाहून दाखवलं, फिर्खोने 1855 मध्ये ठासून सांगितलं. आम्ही ही सगळी वाक्यं एका दमात लिहून देतो, जणू एकाच माणसाने एका संध्याकाळी लिहिली. आणि यातल्या कोणासमोर विषाणू नव्हताच. रोगट तंबाखूच्या गाळलेल्या रसाला बायेरिंकने ‘जिवंत संसर्गजन्य द्रव’ म्हटलं ते 1898 मध्ये. स्फटिकाची उपमा पेशीच्या बाबतीत खोटी ठरली, आणि जवळजवळ शंभर वर्षांनी, 1935 मध्ये, स्टॅन्लीच्या प्रयोगशाळेत तंबाखूचा विषाणू खरोखरच स्फटिक होऊन आला. ते स्फटिक विरघळवून पानाला चोळले की पान पुन्हा आजारी. त्याला 1946 मध्ये नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं. पुढे 1955 मध्ये त्याच विषाणूचं प्रथिन आणि आरएनए, म्हणजे त्याचं आनुवंशिक द्रव्य, वेगळं काढून पुन्हा एकत्र केलं, तरी रोग झालाच.

हे सगळं मी सरांना बोलून दाखवलं, थोडं चढ्या आवाजातच. फ्रेंच शास्त्रज्ञ पॅत्रिक फॉर्तेर तर म्हणतात की बाहेरचा कण म्हणजे विषाणू नव्हेच. त्याने ताब्यात घेतलेली पेशी हेच त्याचं जिवंत रूप. सर म्हणाले, ‘‘असेल. नमुना उत्तरात नाही.’’

मी हिरव्या शाईने एक गुण दिला, कारण पेशीत गेल्यावरचा मुद्दा तिच्या उत्तरात होता. पर्यवेक्षकांची सही घेतली.

मधल्या सुट्टीत तिला बोलावून सरांचा आक्षेप सांगितला. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘मग वाल नको. पण बाई, आत गेल्यावर त्याचं कवच सुटतं असं तुम्हीच शिकवलंत. मग आत विषाणू कुठला आणि पेशी कुठली?’’

मला उत्तर देता आलं नाही. तिला सांगितलं, ‘‘बोर्डाला मात्र ते दोन मुद्देच लिही.’’ ती ‘‘हो बाई’’ म्हणाली. किती चटकन म्हणाली!

दोन दिवसांनी ती भेंडीचं पान घेऊन आली. कळव्याला चाळीच्या ओट्यावर आजीने तेलाच्या डब्यात भेंडी लावली आहे. पानाच्या शिरा जाळीसारख्या पिवळ्या झालेल्या: केवडा, पांढऱ्या माशीने पसरणारा विषाणूरोग. मी आधीच सांगितलं, विषाणू आपल्या सूक्ष्मदर्शकात दिसणार नाही, तो फार लहान. तरी तिने काप मागितला. मी काढून दिला. हिरव्या भागात हरितलवकं, म्हणजे पानाला हिरवा रंग देणारे पेशीतले कण, गच्च, पिवळ्या भागात विरळ. ती बराच वेळ डोळा लावून बसली.

प्रयोगवहीत तिने पिवळ्या भागातली एक पेशी काढली आहे, पेशीभित्तिकेसकट, प्रमाणात. सगळ्या पेशीला मिळून एकच बाण आहे आणि बाणापुढे लिहिलंय, ‘विषाणू’. वही माझ्या कपाटात आहे. सही अजून केलेली नाही.