आमची वाटचाल : अक्कलकोट रोडवरचं वाइंडिंगचं दुकान

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी आणि आमच्या मामांनी मिळून रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत तांब्याची तार पुन्हा भरायचं, दुकान टाकलं. हाताचं वाइंडिंग मशीन, एक मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) आणि मामांनी तासलेल्या बांबूच्या कामट्या, एवढंच भांडवल. स्लॉटमध्ये (मोटरीच्या लोखंडातल्या खाचेत) तार बसवायला कामटीच घ्या, लोखंडी पट्टीनं तारेवरचं इनॅमल खरवडतं. लूमच्या मोटरी यायच्या, पोट भरायचं.

तिसऱ्या वर्षी एका सूतगिरणीतनं कॉम्प्रेसरची सिंक्रोनस मोटर आली, बारा पोलची (पोल म्हणजे चुंबकाची टोकं). लूमची चार पोलची मोटर मिनिटाला 1500 फेऱ्यांच्या जागी 1440 वगैरे फिरते, ही तशी नाही, रोटरला (फिरणाऱ्या भागाला) डीसी दिला की तो स्टेटरच्या (स्थिर भागाच्या) फिरत्या चुंबकीय फील्डला जखडतो आणि 50 सायकलवर बरोब्बर 500, लोड कमी असो की जास्त. डीसी वाढवला की पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला कामी येणारा वाटा) पण सुधारतो. फक्त आपणहून उठत नाही, आधी डॅम्परच्या बारवर (रोटरच्या पोलांत बसवलेल्या धातूच्या कांड्यांवर) लूमच्या इंडक्शन मोटरीसारखी पळवायची, स्पीडजवळ आली की मग डीसी.

आम्ही रोटरवरच्या फील्ड कॉइल (ज्यांत डीसी जातो ती वेटोळी) नव्या भरल्या. आठव्या दिवशी जळाली. आमच्याच लाइनीतला एक वाइंडिंगवाला गिरणीत जाऊन सांगून आला की यांनी हलका इन्सुलेशनचा कागद घातला. मोटर त्यानं उघडूनसुद्धा बघितली नव्हती! पैसे अडकले, तांब्याची उधारी डोक्यावर, लूमवाले फिरकेनात, दोन पोरं सोडून गेली. फक्त एक टॉवेलवाले काका आले, म्हणाले "माझ्या मोटरी दुसरीकडं जाणार नाहीत" आणि तारेसाठी रोख ठेवून गेले. ते नसते तर शटर पडलंच होतं.

आम्ही रोटर काढून ड्रॉप टेस्ट घेतली, बारा कॉइल सिरीजमध्ये, एसी देऊन एकेकीवर मीटर लावला. दहावर सारखा व्होल्टेज, दोनवर निम्म्याहून कमी, म्हणजे त्या दोनच आतून शॉर्ट. दहा कॉइलचा कागद कोरा करकरीत. मग मामा म्हणाले पॅनेल उघड, तर डिस्चार्ज रेझिस्टन्सची लग (तारेच्या टोकाची जोडपट्टी) काळी पडून सुटलेली. सुरू होताना फील्ड त्या रेझिस्टन्समधनं बंद पाहिजे, उघडं राहिलं तर त्यात एवढा व्होल्टेज तयार होतो की भारीतला कागदपण फुटतो. इंजिनिअर साहेबांनी डोळ्यांनी बघितलं, मानलं, दुसऱ्या भरणीचेही पैसे दिले.

तुमच्याकडं अशी मोटर असेल तर सप्लाय बंद करून ती लग हातानं हलवून बघत जा, ब्रश (रोटरला डीसी पोचवणारे कार्बनचे तुकडे) नुसते बदलून भागत नाही.

पुढची वर्षं कामात गेली. ती काळी लग मी त्या बोलून आलेल्या वाइंडिंगवाल्याच्या टेबलावर नेऊन ठेवली होती, त्यानं बघितलं आणि फोन कानाला लावला. आजही रस्त्यात भेटला की मान वळवतो.